कोल्हापूरच्या पुढचे रूळ

मामंजी लिलावाला गेले होते ते आरामखुर्ची आणायला. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. उरलेसुरले साहेब सामान विकून विलायतेला चालले होते, आणि असल्याच एका साहेबाच्या बंगल्यावर वेताची खुर्ची निघणार अशी बातमी मामंजींना लागली होती. तिन्हीसांजेला ते परतले तेव्हा काखेत एक लाकडी खोकं होतं. त्यात पत्र्याचं हिरवं इंजिन, तीन डबे, एक चावी आणि वाकड्या-सरळ रुळांचे वीसेक तुकडे. सासूबाईंनी कमरेवर हात ठेवून ते सगळं नीट बघितलं आणि विचारलं, "आता ह्याच्यावर बसणार व्हय तुम्ही?"

मामंजी काही बोलले नाहीत. तीस वर्षं चित्रकलेचे मास्तर म्हणून काढलेल्या माणसाला गप्प बसायचं कधी हे बरोबर कळतं. त्यांनी चावी पिळली, इंजिन उलटं धरून त्याची चाकं आमच्यासमोर फिरवून दाखवली आणि जाहीर केलं की यंदा गणपतीपुढं आगगाडीची आरास.

मी त्या घरात सून म्हणून येऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. माझं माहेर घाटाखालचं, खाडीकाठचं. लग्न झाल्यापासून मी एकदाही तिकडं गेले नव्हते. पहिल्या गौरीला सून सासरीच पाहिजे म्हणून राहिले. दिवाळीला निघायचं ठरलं तर सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि त्यांचा पाय मोडला. शिमग्याला माझा भाऊ मुराळी म्हणून यायचा होता, त्याला मुंबईत गिरणीतून रजा मिळाली नाही. मुराळी म्हणजे माहेराहून लेकीला न्यायला येणारा माणूस. तो आल्याशिवाय आमच्यात सून उंबरा ओलांडत नसे. मग पाऊस लागला. आईची पत्रं यायची, वडिलांच्या अक्षरात. शेवटची ओळ नेहमी तीच असायची: तुझे येणे कधी?

मला जायचं होतं. अगदी जीव तुटेस्तोवर जायचं होतं. पण मी मागणार नव्हते. मी पहिल्यापासून हट्टी आणि नाकावर राग असलेली. यांना दिसत नाही का, मग मी का तोंड वेंगाडू, असा माझा हिशेब. घरात कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. अशाने सव्वा वर्ष कसं निघतं ते निघतं.

आरास ठरली तशी मामंजींना हाताखाली माणूस हवं झालं. शाळेत त्यांच्याकडं चाळीस पोरं असायची. घरात माझे मालक, आणि ते सकाळी दहाला कचेरीत जायचे. सून उरली. पण सासऱ्यानं सुनेशी सरळ बोलायचं नाही. म्हणून मामंजी सोप्यातल्या खांबाला म्हणाले, "हितं कुणाला कागद डकवायची खळ शिजवाय येती का?"

मी दाराआडून म्हटलं, "येते."

"गुठळ्या न होता?"

"गुठळ्या कुणाला होतात?" मी म्हटलं. खांब हसला.

त्या दिवसापासून दुपारची भांडी आवरली की मी डोईवर पदर घेऊन सोप्यात. मामंजींनी शाळेतले मोडीत निघालेले चार फळे आणून एकमेकांना जोडले होते. त्यावर रूळ मांडले, लांबट गोल. माझा पदर दर दहा मिनिटांनी खळीत पडायचा. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "खोच त्यो पदर कमरंला. धा वेळा धुणं कोण करणार?" अशा रीतीनं सासऱ्यांसमोर उघड्या डोक्यानं बसायची परवानगी मला खळीमुळं मिळाली.

मामंजींचा एकच नियम होता: दिसतंय तेच काढायचं, मनाचं काय न्हाय. शाळेत एका पोरानं समोरच्या रिकाम्या सुरईत गुलाबाचं फूल काढलं तर त्याला यांनी नापास केलं होतं. "सुरईत फूल व्हतं का? न्हवतं. मग?" हे ते मला खळ ढवळत तीनदा सांगून झाले. त्यामुळं गोलाच्या पुढच्या बाजूला कोल्हापूरचं स्टेशन होणार ते कोल्हापूरच्याच मापानं. रोज सकाळी छत्री काखेत मारून ते स्टेशनवर जायचे आणि फलाट पावलांनी मोजायचे. तिथला हमाल तीन दिवस विचारत राहिला, "पावणं, कुणाला न्ह्यायला आलायसा?" चौथ्या दिवशी त्यानंच फीत धरायला मदत केली.

स्टेशन पुठ्ठ्याचं झालं, सुटं, एका पातळ फळीवर. गेरूचा पातळ हात दिला, चुन्यानं कडा काढल्या. पाटीवर अक्षरं तर अशी काढली की रांगोळीच्या टिंबाएवढ्या जागेत 'कोल्हापूर' वाचता यावं. खडीसाठी वाळू हवी होती, ती मामंजींनी सासूबाईंच्या रव्याच्या चाळणीनं चाळली आणि चाळण धुऊन पुन्हा खुंटीला लावली. दुसऱ्या दिवशीचा शिरा खाताना सगळ्यांच्या दाताखाली स्टेशन आलं. सासूबाईंनी घास काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि मामंजींकडं नुसतं बघितलं. मामंजी म्हणाले, "रवा भेसळीचा दिसतोय."

मालधक्क्यावर गुळाच्या ढेपा पाहिजेत म्हणून त्यांनी खऱ्या गुळाच्या गोळ्या वळून ठेवल्या. गूळ तर गूळ, शाडू कशाला? सकाळी आम्ही बघतो तर मुंग्यांची रांग फलाटावरून, रुळांवरून, गाडीखालून भिंतीत गेली होती आणि धक्का साफ. मामंजींनी दुसऱ्यांदा गूळ ठेवला. पुन्हा साफ. तिसऱ्यांदा मी शाडूला गेरू लावून ढेपा केल्या आणि त्यांना सांगितलंच नाही.

माणसं कुंभाराकडून आणली. दिवाळीच्या किल्ल्यासाठी तो मावळे आणि पैलवान करायचा, त्यातलेच. पैलवान इंजिनाच्या दुप्पट उंच. मी म्हटलं, हा गाडीत बसणार कसा? मामंजींनी पैलवान फलाटावर उभा केला, मागं सरून डोळा बारीक करून बघितला आणि म्हणाले, "कोल्हापूरचा पैलवान हाय. गाडीच बारकी हाय." तो तसाच राहिला.

गोलाच्या मागच्या बाजूला काय करायचं याचा त्यांनी विचारच केला नव्हता. ती बाजू भिंतीकडं, लोकांना अर्धीमुर्धीच दिसणार. एके दुपारी ते खांबाला म्हणाले, "मागच्या अंगाला कायतरी टाक की."

ते 'कायतरी' म्हणजे माझा मुलूख झाला. मी कुणाला विचारलं नाही. विटेचा चुरा खळीत कालवून चिऱ्याच्या भिंती केल्या. कंदिलाच्या काचेभोवती नालीदार कागद यायचा, तो तांबडा रंगवला की हुबेहूब कौलं. केरसुणीच्या हिरांचे माड, पतंगाच्या हिरव्या कागदाच्या झावळ्या. नीळ घालून खाडी, खाडीत भुईमुगाच्या टरफलाची होडी. तुळस, विहीर, विहिरीवर रहाट. मामंजी पाठीमागं येऊन उभे राहिले आणि मास्तरांच्या आवाजात म्हणाले, "झाडं आडवी का गेलीती?"

"माड खाडीवर वाकतात, मामंजी."

"सगळी?"

"काठावरचे सगळे."

ते घाट उतरून कधी गेले नव्हते. लग्नसुद्धा आमच्या लोकांनी इकडं येऊन लावलं होतं. दिसतंय तेच काढायचं म्हणणाऱ्या माणसाची पंचाईत झाली. शेवटी म्हणाले, "तू बघितलंयस न्हवं? मग काढ." आणि जवळ मोडा ओढून बसले. मग विचारायला लागले. विहीर घराच्या कुठल्या अंगाला? पडवीत काय असतं? भरती कुठवर चढते? मी सांगत गेले. सव्वा वर्षात त्या घरात मी एवढी बोलले नव्हते. बोलता बोलता माझं गाव फळ्यावर पसरत चाललं. माड अकराचे एकोणीस झाले, खाडी वळणावर मामंजींनी मांडलेल्या मिरजेच्या अंगाला शिरली. मामंजी म्हणाले, "अगं, मिरज बुडीव नगंस."

दोन्ही मुलखांच्या मध्ये सह्याद्री. तो कुणाचा यावरून आमचं भांडण. चढ त्यांचा, उतार माझा, अशी वाटणी झाली. जुनी पोती खळीत बुडवून लाकडी सांगाड्यावर टाकली, वर शाडूचा लेप, आणि पोटातून बोगदा. बोगदा मी पोखरला, कोपरापर्यंत हात घालून. डोंगरावर दिवाळीच्या किल्ल्यावर पेरतात तसे अळीव पेरले आणि रोज पाणी शिंपडलं. पाचव्या दिवशी डोंगर हिरवागार झाला. बोगद्यातून पाणी गळायला लागलं ते सोडून देऊ. घाटातले बोगदे पावसाळ्यात गळतातच, असं मामंजींनी ठरवून टाकलं.

गणपतीला दोन दिवस राहिले आणि मामंजींनी स्टेशन आणून रुळांवर बसवलं. इथपर्यंत रूळ वेगळे होते आणि स्टेशन वेगळं. आता, आमच्या खऱ्या स्टेशनात रूळ संपतात. कोल्हापूरच्या पुढं गाडी नाही. मिरजेहून येते, थांबते, इंजिन तोंड फिरवतं आणि आल्या वाटेनं जाते. रुळांच्या शेवटी आडवा ठोकळा, त्याच्या मागं भिंत. मामंजींनी ठोकळा केला होता, भिंतही केली होती, पक्की, दोन पुठ्ठे एकाला एक चिकटवून. स्टेशन खाली बसेना, भिंत रुळांवर अडत होती, म्हणून त्यांनी कातरीनं भिंतीच्या तळाला दोन खाचा पाडल्या. मी फळी धरली होती. खाचा पाडताना त्यांच्या डोक्यात काही आलं नाही आणि माझ्याही नाही. कोल्हापूरला रूळ संपतात, हे आम्हाला इतकं ठाऊक होतं.

सासूबाईंना हाक मारली. मालक कचेरीतून आलेच होते. मामंजींनी चावी पिळली आणि गाडी सोडली. फलाटावरून ती मिरजेच्या अंगाला छान निघाली. वळली. मागं गेली, माझ्या माडांखालून, खाडीच्या कडेनं, माझ्या घरासमोरून. डोंगरात शिरली, आत घरघर ऐकू आली, आणि मग धाडकन आवाज. भिंत थरथरली. पैलवान उताणा पडला. इंजिन बोगद्याच्या तोंडाशी भिंतीला नाक लावून चाकं फिरवत राहिलं.

मालक पोट धरून हसले. मामंजी वाकून बघत होते. मग सरळ उभे राहून शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय. हिकडनं गाडी येतीच कुठं?"

आणि मला काय झालं कळलं नाही. मी सासऱ्यांच्या तोंडावर म्हणाले, "माझ्या गावाहून गाडी यायचीच नव्हती तर बोगदा कशाला पोखरून घेतलात माझ्याकडून? सव्वा वर्ष झालं! माणूस नाही जात, निदान पत्र्याची गाडी तरी..." हातातली खळीची वाटी आपटली आणि आत गेले. खळ सगळ्या जमिनीवर.

स्वयंपाकघरात मी भिंतीकडं तोंड करून उभी होते. सासूबाई मागून लंगडत आल्या. आता ऐकावं लागणार म्हणून मी अंग चोरलं. त्यांनी विळी पुढं सरकवली, टोपलीतले सात-आठ कांदे काढून ठेवले आणि म्हणाल्या, "चीर."

मी चिरले. पाहिजे तेवढं रडून झालं तरी कुणाला काही विचारायचं कारण राहिलं नाही. रात्री झुणका झाला, त्यात कांदाच कांदा.

सकाळी सोप्यात गेले तर भिंत नव्हती. ठोकळाही नव्हता. मामंजींनी कापून काढले होते आणि कापल्या जागी खडी पसरून दोन्हीकडचे रूळ एक केले होते. मी आल्याचं त्यांना कळलं, पण ते पैलवानाचा मोडका हात चिकटवण्यात फार गुंग असल्यासारखं करत होते.

गणपती बसले आणि गल्लीच्या गल्ली आरास बघायला लोटली. पोरंसोरं गाडीवर खूश. मोठी माणसं मात्र कमरेत वाकून पाटी वाचायची, मग रुळांवरून बोट फिरवत डोंगरापर्यंत जायची आणि म्हणायची, "मास्तर, चुकलासा की! कोल्हापूरच्या म्होरं कुठला आलाय रूळ?" मामंजींचे जुने विद्यार्थी तर टपूनच आलेले. ज्याला गुलाबापायी नापास केलं होतं तो आता बायकोपोरांना घेऊन आला होता. तो खदखदा हसला. "सर, आता तुम्हाला किती मार्क द्यायचं?"

तीस वर्षांत ज्यांनी चूक म्हणून कबूल केली नव्हती ते मामंजी म्हणाले, "शून्य दे. पर गाडी बघून जा."

मी दाराआडून ऐकत होते. रोज ते असं ऐकून घेत राहिले आणि मला एकदाही काही म्हणाले नाहीत. माझा राग केव्हाच गेला होता. आता मला स्वतःचीच लाज वाटत होती. आणि तरीही जायचं होतं. ते काही कमी झालं नव्हतं.

गौरी बोळवल्या त्या दुपारी घरात कुणी पाहुणे नव्हते. सासूबाई सोप्यात आल्या. इतके दिवस त्यांनी आरास लांबूनच बघितली होती. पाय दुखतो, वाकवत नाही, असं म्हणायच्या. त्या दिवशी मोडा ओढून फळ्याशी बसल्या. एका टोकापासून सगळं बघत गेल्या. स्टेशन, धक्का, मिरज, माझं घर, माझी विहीर. मग मामंजींना म्हणाल्या, "ह्यात गारगोटी कुठं हाय?"

गारगोटी म्हणजे सासूबाईंचं माहेर. मोटारीनं दोन-अडीच तासांची वाट. मलाही तेव्हाच लक्षात आलं की त्यांच्या माहेराबद्दल मी आल्यापासून एक शब्द ऐकला नव्हता.

"ती ह्या वाटंवर येत न्हाय," मामंजी चाचरत म्हणाले.

"कोकण येतंय, आन् गारगोटी येत न्हाय व्हय?" त्या आवाज न चढवता म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "आई गेली त्या साली गेलते मी. बावीस वर्सं झाली. त्याच्या म्होरं मुराळी आला न्हाय आन् मीबी कुणाला बोलले न्हाय. मला वाटलं, कुणीतरी इचारंल." फळ्याचा आधार घेऊन त्या उठल्या. "ट्रंक भर. अनंत चतुर्दशी झाली की निघायचं. आई हाय तवर जाऊन ये."

"मुराळी?" मी कशीबशी म्हटलं.

"ह्ये येत्यात की. बसून काय करत्यात?"

अशा रीतीनं सासराच मुराळी झालेली मी आमच्या मुलखातली पहिली सून असेन. घाट लागला आणि मामंजींना मोटार लागली. पहिल्या वळणापासून खालच्या सपाटीपर्यंत ते खिडकीबाहेर होते. आमच्या अंगणात उतरले तेव्हा तोंड पांढरंफटक. पडवीतून आई धावत आली, मी तिच्या गळ्यात पडले, आम्ही दोघी रडलो. आणि हे गृहस्थ पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून खाडीकाठचे माड बघत उभे. वडिलांनी बसा बसा म्हटलं तर म्हणाले, "खरंच वाकल्याती की ओ."

मी पंधरा दिवस राहिले. परत आले तेव्हा गणपती केव्हाच पाण्यात गेले होते, पण फळे सोप्यात तसेच होते. सासूबाईंनी हलवू दिले नव्हते. मी पाय धुतले आणि पुठ्ठा काढला.

गारगोटीचं घर आम्ही दोघींनी केलं, रुळांच्या कडेलाच. मामंजी फक्त रंग कालवून द्यायचे. सासूबाई मोड्यावर बसून सांगायच्या. दोन सोपे, पुढं ओटा, ओट्याला पायऱ्या. तीन केल्या तर म्हणाल्या, "चार." दारात शेवग्याचं झाड. गोठा डाव्या हाताला. ओट्यावर एक बाई बसव म्हणाल्या. कुंभाराच्या बाया मोठ्या पडत होत्या, म्हणून मी शाडूची केली, बोटाच्या पेराएवढी, डोईवर पदर. त्यांनी ती तळहातावर घेतली, बराच वेळ बघितली आणि स्वतःच्या हातानं ओट्यावर चिकटवली. तोंड वाटेकडं.

चावीच्या गाडीला थांबा नसतो. चावी संपेल तिथं ती थांबते. एका दुपारी मी मागच्या दारानं आत आले तर सोप्यात चावी पिळल्याचा आवाज येत होता. सासूबाई एकट्याच होत्या. गाडी सोडायच्या, ती कुठं थांबते बघायच्या, उचलून पुन्हा स्टेशनात ठेवायच्या आणि पुन्हा पिळायच्या, ओठांतल्या ओठांत मोजत. नऊ पिळांना गाडी गोठ्याशीच अडली. दहाला शेवग्यापाशी. अकराव्या पिळाला ती बरोबर त्या ओट्यासमोर येऊन थांबली.

सासूबाई हात मांडीवर ठेवून बसल्या. कितीतरी वेळ त्यांनी गाडी उचलली नाही.